थंडीतला नेम

ऑस्लोमध्ये नव्याने स्थायिक होणाऱ्या मराठी कुटुंबाला थंडीचा विचार प्रथम कपड्यांच्या अंगाने करावा लागतो. मात्र शहरालगतच्या होल्मेनकोलन टेकडीवर होणाऱ्या बायथलॉनच्या शर्यती पाहिल्या म्हणजे थंडी माणसाइतकीच अवजारांनाही बाधते, हे स्पष्ट होते. बायथलॉन हा बर्फावरील स्कीची दौड आणि रायफलीची नेमबाजी यांचा जोडखेळ असून त्याची मुळे सीमेवरील सैनिकांच्या हिवाळी सरावात आहेत. १९६० पासून तो हिवाळी ऑलिंपिकमध्ये आहे आणि १९७८ पासून त्यात ०.२२ इंच व्यासाचे लहान काडतूस वापरले जाते. स्पर्धक पन्नास मीटरवरील पाच लक्ष्ये टिपतो; झोपून नेम धरताना लक्ष्याचा व्यास ४५ मिलिमीटर, तर उभ्याने ११५ मिलिमीटर असतो.

थंडीचा पहिला परिणाम दारूवर, म्हणजे काडतुसातील ज्वलनशील द्रव्यावर होतो. गार दारू मंद जळते, त्यामुळे नळीतून सुटणाऱ्या गोळीचा वेग घटतो. शिवाय उणे २० अंशांची हवा अधिक २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे सोळा टक्के दाट असल्याने तिचा अवरोधही वाढतो. त्यातच ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटरवरून ३१९ मीटरवर येतो. सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास धावणारी गोळी उबदार दिवशी ध्वनीच्या मागे राहते, परंतु कडाक्याच्या थंडीत तिचा वेग ध्वनीच्या वेगाला खेटून असतो आणि त्या सीमेवर तिचे स्थैर्य ढळण्याचा संभव असतो. म्हणूनच काडतुसांचे निरनिराळे साठे थंडीतच पारखून निवडले जातात आणि शर्यतीपूर्वी त्याच मैदानावर, त्याच दिवशीच्या हवेत रायफलीची दृष्टिसाधने जुळवून घेतली जातात.

दुसरा परिणाम वंगणावर होतो. नेहमीचे तेल गारठ्याने घट्ट झाले की काडतुसाच्या बुडावर आघात करणारी सुई पुरेशा जोराने आदळत नाही आणि बार फुसका जातो. त्यामुळे थंडीत पातळ वंगण आणि तेही अगदी थोडे वापरणे इष्ट ठरते. बोटांची अडचण याहून सूक्ष्म आहे, कारण घोड्यावरचा किमान दाब अवघा अर्धा किलो ठेवण्याची मुभा असल्याने बधिर बोटाला तो जाणवण्यापूर्वीच बार सुटू शकतो.

तथापि सर्वाधिक हानी थंडीपेक्षा थंडी आणि ऊब यांच्या संधीवर होते. गार रायफल उबदार खोलीत आणली की हवेतील बाष्प तिच्या धातूवर दवासारखे जमते, आणि ती न वाळवता पुन्हा बाहेर नेली तर तेच पाणी आतल्या भागांत गोठून त्यांची हालचाल अडवते. हिवाळ्यात बसमध्ये शिरताच चष्म्यावर धुके चढते, त्यामागचे कारणही हेच. म्हणून रायफल दिवसभर बाहेरच्याच तापमानात, परंतु कुलूपबंद ठेवणे किंवा आत आणल्यास पूर्ण कोरडी होऊ देणे, एवढेच दोन सुरक्षित मार्ग उरतात.

या सगळ्या दक्षतेलाही मर्यादा आहे आणि ती नियमानेच मान्य केली आहे: शर्यतीच्या परिसरातील सर्वांत गार जागी पारा उणे २० अंशांखाली उतरला, तर शर्यत सुरू केली जात नाही. उष्ण प्रदेशातून आलेल्या माणसाला उत्तरेकडील लोकांची थंडीशी असलेली सलगी बेफिकिरीची वाटते. प्रत्यक्षात ती अशा मोजमापावर आणि वेळीच थांबण्याच्या तयारीवर उभी असते.