आवाज वाढवत गेलो

हेल्मेटात स्पीकर बसवताना पहिली चूक झाली ती घरच्या टेबलावर, गाडीला किल्ली लावायच्या आधीच. हेडसेटबरोबर दोन चपटे स्पीकर आले होते, चाळीस मिलिमीटर व्यासाचे. ते कानाच्या बरोबर समोर यायला हवेत. माझं हेल्मेट जुन्या घडणीचं, कानापाशी खोबण नसलेलं. स्पीकर लावून घातलं की कान दाबला जायचा आणि थोड्याच वेळात ठणकायला लागायचा. मग मी गालाकडचं पॅड काढलं, आतल्या थर्माकोलमध्ये कटरने दोन्ही बाजूंना गोल खोबणी कोरल्या आणि स्पीकर त्यात दडपून बसवले. टेबलावर पांढऱ्या दाण्यांचा सडा पडला होता. काम फत्ते झालं म्हणून मी खूश होतो.

डोकं वाचवण्याचं मुख्य काम तो थर्माकोल करतो, हे मला माहीत नव्हतं. बाहेरचं कवच टोकदार वस्तू आत घुसू देत नाही आणि मार पसरवतं. डोक्यापर्यंत येणारा धक्का मात्र आतला थर स्वतः चिरडून घेऊन शोषतो. आयएसआय चिन्हासाठी आयएस ४१५१ या मानकानुसार जी चाचणी होते ती कारखान्यातून आलेल्या अख्ख्या हेल्मेटची. १ जून २०२१ पासून ते चिन्ह नसलेलं दुचाकीचं हेल्मेट देशात विकता येत नाही. माझ्या हेल्मेटावर चिन्ह होतं, पण ज्याला ते मिळालं होतं ते हेल्मेट मी कटरने संपवलं होतं. आणि ते घालून मी कित्येक महिने महामार्गावर फिरलो. पुढे एका हेल्मेटवाल्याकडे काच बदलायला गेलो, तेव्हा त्याने पॅड उचलून खोबणीतून बोट फिरवलं आणि हेल्मेट मला परत न देता बाजूला ठेवलं. "हे घालून घरी जाऊ नका," एवढंच म्हणाला. कानापाशी तयार जागा असलेलं नवं हेल्मेट मी त्याच दुकानातून घेतलं.

नव्या हेल्मेटात स्पीकर सहज बसले, पण आवाज बारीक यायचा. मला वाटलं, हेडसेटच कमी ताकदीचा. खरं तर स्पीकर कानाच्या भोकापासून बोटभर मागे आणि खाली होते. तेवढ्या फरकाने गाण्यातला खर्ज गायब होतो आणि बोलणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं लागतं. वेल्क्रोवर स्पीकर थोडा थोडा सरकवत, दर वेळी हेल्मेट घालून ऐकत बसलं की जागा सापडते. मला एवढा धीर नव्हता. मी आवाज वाढवला. माझ्या पुढच्या सगळ्या चुका या सवयीतून निघाल्या.

ताशी शंभर किलोमीटरला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज ९५ ते १०० डेसिबलच्या आसपास असतो. गाडीला पुढे काच आहे की नाही, हेल्मेट किती घट्ट बसतं, यावर तो थोडा कमीजास्त होतो. इंजिन आणि सायलेन्सर त्याच्या खाली दबून जातात. कामगारांच्या कानांसाठी अमेरिकेत जी शिफारस आहे ती ८५ डेसिबलला आठ तासांची, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. त्या हिशेबाने ९४ डेसिबलला एक तास मिळतो आणि १०० डेसिबलला पाव तास. म्हणजे गाणं लावायच्या आधी, नुसत्या वाऱ्यानेच, पुणे ते सातारा या पट्ट्यात कानांचा दिवसभराचा कोटा संपलेला असतो. त्या वाऱ्याच्या वर गाणं ऐकू यावं म्हणून मी आवाज चढवत होतो.

त्यातही मला आवड ख्यालाची. किशोरीताई आमोणकरांचा विलंबित ख्याल लावला की सुरुवातीची आलापी वाऱ्यात विरून जायची, तानपुरा तर कधीच ऐकू यायचा नाही. आलाप ऐकू यावा म्हणून आवाज वाढवायचा, आणि पुढे द्रुत सुरू होऊन तान आली की ती थेट कानावर आदळायची. हातात ग्लोव्हज, बटणं बारीक, गाडी वेगात. कमी करायचं राहून जायचं. हळू आणि मोठ्या आवाजात एवढं अंतर असलेलं संगीत हेल्मेटसाठी नाही. ज्या गायकीवर माझा जीव आहे ती मी वर्षानुवर्षं अर्धवट आणि कर्कश ऐकली, याचं मला आजही वाईट वाटतं. चुकीची खूण डोळ्यांसमोर होती. शिरवळच्या पुढे एकदा सिग्नलला थांबलो असताना शेजारच्या स्कूटरवरचा मुलगा माझ्याकडे वळून बघायला लागला. माझ्या हेल्मेटातलं गाणं त्याला ऐकू जात होतं. वारा थांबला होता आणि ताशी नव्वदचा आवाज तसाच चालू होता.

आपल्या रस्त्यांवर हॉर्न ही बोलीच आहे, आणि घाटात तर तिच्यावाचून भागत नाही. आंधळ्या वळणाच्या अलीकडे समोरचा हॉर्न देतो, आपण उत्तर देतो, आणि दोघे आपापल्या बाजूला सरकतो. गुहागरला जाताना मी उंब्रजहून पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरतो. एकदा असाच उतरत होतो. पावसाळा नुकताच सरला होता, कडेला शेवाळ होतं, म्हणून मी वळणं रस्त्याच्या मधून घेत होतो. कानात ठेक्याचं गाणं होतं. एका वळणावर चढणारी एसटी एकदम समोर उभी राहिली. ड्रायव्हरने ती जागच्या जागी दाबली होती. मी ब्रेक मारून तिच्या उजव्या हेडलाइटपासून हातभर अंतरावर थांबलो. तो खिडकीतून वाकून म्हणाला, "अहो, वळणाच्या खालपासून हॉर्न मारतोय!" आवाजात राग नव्हता, घाबरलेपण होतं. अरुंद घाटात उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची, हा नियम. मी तो मोडला, आणि त्याने नियम पाळून दिलेली सूचना मी ऐकलीच नाही. गाडीत मागे पन्नासेक माणसं बसली होती.

गाण्याच्या लयीचा गाडीच्या वेगाशी संबंध असतो, हे मी पुढे वाचलं. इस्राएलमधल्या बेन-गुरियन विद्यापीठाचे वॉरन ब्रॉडस्की यांनी सिम्युलेटरवर हा प्रयोग केला होता. लय वाढली तसा चालकांचा वेग वाढला आणि लाल दिवे तोडण्याचं प्रमाणही वाढलं. वाचल्यावर मला घाटातली माझी गाणी आठवली.

फोनवरच्या बोलण्याचं त्याहून वाईट. हात मोकळे आहेत, मग काय हरकत, असं म्हणून मी ऑफिसचे फोन चालत्या गाडीवर घेत असे. युटा विद्यापीठातल्या स्ट्रेयर आणि जॉन्स्टन यांच्या २००१ सालच्या प्रयोगात हातातला फोन आणि हात मोकळे ठेवणारा फोन यांत काही फरक आढळला नव्हता. दोन्हींत लोकांचे सिग्नल चुकत होते आणि प्रतिक्रिया मंदावत होती. नुसता रेडिओ ऐकणाऱ्यांचं तसं झालं नाही. बोलताना उत्तर तयार करावं लागतं आणि डोकं तिकडे जातं. हे मला कुणा संशोधकाने सांगायची गरज नव्हती. फोन ठेवल्यावर मधली दोन गावं कधी मागे गेली ते आठवायचं नाही, एवढा पुरावा माझ्यासाठी पुरेसा असायला हवा होता. आता गाडीवर असताना येणारे फोन हेडसेटमध्ये वाजतच नाहीत. घरच्यांना ठाऊक आहे की मी पुढच्या चहाला थांबलो की फोन करतो.

नकाशाच्या बाबतीत माझ्या चुका वेगळ्या आहेत. आधी फोन हँडलबारवर लावायचो. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने सूचना काढली की मोठ्या इंजिनांच्या मोटरसायकलींची कंपनं कॅमेऱ्यातली थरथर सावरणारी यंत्रणा बिघडवू शकतात. ते वाचून फोन जॅकेटच्या खिशात गेला आणि मी निव्वळ आवाजावर चालवायला लागलो. नजर रस्त्यावर राहते, हा त्यातला खरा फायदा, आणि तो मोठा आहे. २०२० साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली, तीही हेच म्हणते: हातातलं उपकरण फक्त मार्ग शोधण्यासाठी, आणि चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने.

पण आवाज अपुरा पोचतो हे मी धरलंच नव्हतं. गाणं चालू नसलं की माझा हेडसेट बॅटरी वाचवायला झोपतो. सूचना आली की जागा होतो, आणि तेवढ्यात पहिला शब्द गिळला जातो. ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्यात चांदणी चौकातला नवा उड्डाणपूल खुला झाला. मुळशी, कोथरूड, बावधन, सातारा, मुंबई, सगळीकडे जाणारे रॅम्प तिथे जवळजवळ फुटतात. सूचना होती 'कीप लेफ्ट', माझ्या कानात पोचलं नुसतं 'लेफ्ट'. मी डावीकडच्या रॅम्पवर वळलो, चूक कळताच मध्येच वेग कमी केला, आणि मागची मोटार कशीबशी बाजू काढून पुढे गेली. चुकीच्या रॅम्पवर लागलात तर सरळ पुढे जावं आणि पुढून वळून यावं. वेळ जातो, इतकंच. मला त्या क्षणी रस्ता चुकण्याची लाज सुरक्षेपेक्षा मोठी वाटली.

मुंबईला जाताना तर मी गाडीचा प्रकारच निवडला नव्हता. गुगल मॅप्समध्ये भारतात डिसेंबर २०१७ पासून दुचाकीचा वेगळा पर्याय आहे. माझ्या फोनवर मोटारीचा चालू होता. किवळ्याला आवाजाने मला एक्सप्रेस-वेकडे जायला सांगितलं आणि मी निमूटपणे गेलो. दुचाकींना मनाई असल्याची पाटी दिसली तेव्हा वळायला जागा नव्हती. कडेला उतरून, इंजिन बंद करून, गाडी ढकलत उलट आणली. तो रस्ता दुचाकीला बंद आहे हे पुण्यात राहणारं शेंबडं पोरही सांगेल. अटल सेतू, समृद्धी महामार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू यांचंही तेच. मला ते माहीत असूनही कानातल्या आवाजापुढे माझी माहिती मी वापरली नाही. आता निघण्यापूर्वी नकाशा मोठा करून मधल्या गावांची नावं आणि फाटे पाठ करतो आणि पुढचा भाग फोनवर उतरवून ठेवतो, कारण घाटात रेंज जाते.

कानांचं कळलं ते सर्वांत शेवटी. लांबच्या प्रवासानंतर रात्री कानात शिट्टी वाजायची, सकाळपर्यंत जायची, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. मग गुहागरला एका संध्याकाळी पडवीत बसलो असताना बायको म्हणाली, रातकिडे किती ओरडतायत. मला ते फार दूरचे वाटत होते. पुण्यात येऊन तपासणी केली. ऑडिओग्रामवर दोन्ही कानांची रेघ चार हजार हर्ट्झपाशी खाली गेली होती. मोठ्या आवाजाने झालेल्या इजेची ही ठरलेली खूण, असं डॉक्टर म्हणाले. त्यातलं किती वाऱ्याने आणि किती गाण्याने, हे सांगता येत नाही. आतल्या कानातल्या केशपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. घोळक्यात बोलताना 'स', 'श', 'फ' सारखी अक्षरं निसटतात ती त्यामुळेच.

हेडसेट मी काढून टाकलेला नाही. कानात फोमचे बोळे घालतो, त्यावर हेल्मेट. बोळ्यांनी हॉर्न ऐकू येणार नाही अशी भीती अनेकांना वाटते, मलाही वाटायची. बोळे वारा आणि हॉर्न दोन्ही खाली आणतात, आणि वाऱ्याने बधिर झालेला कान मोकळा झाल्यावर हॉर्न उलट स्पष्ट कळतो. हेडसेटचा आवाज गाडी उभी असताना ठरवतो, थोडा कमीच वाटेल इतका, आणि चालत्या गाडीवर त्याला हात लावत नाही. गाणं फक्त मोकळ्या महामार्गावर. घाट, गाव, पाऊस आणि अंधारात ते बंद. तिथे नकाशाचा पहिला शब्द गेलाच आणि नीट कळलं नाही, तर वळत नाही. कडेला थांबून बघतो.

तुमच्या हेल्मेटात स्पीकर असतील तर आज पॅड काढून खालचा थर्माकोल शाबूत आहे का ते बघा. कोरलेला असेल तर ते हेल्मेट पुन्हा घालू नका. आणि लांबचा प्रवास झाल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जाऊन ऑडिओमेट्री करून घ्या. तिला अर्धा तासही लागत नाही.