पाऊण इंचाची सवय

भालकीकडचं गिऱ्हाईक स्वयंपाकघराचं काम द्यायला आलं की आधी प्लायवर टिचकी मारतं. आवाज भरीव आला तर माल चांगला. पाऊण इंची प्लाय, वर सनमायका, ओट्याला ग्रॅनाइट. आधीच्या पिढीत शहाबादी. शहाबाद आमच्या बिदरशेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं, आणि तिथली फरशी महाराष्ट्रभरच्या ओट्यांवर नि न्हाणीघरांत पोचली. जड ते टिकाऊ, हे इथल्या माणसांत मुरलंय. सुतारांत तर जास्तच.

म्हणून जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये स्वयंपाकघर बसवायचं काम आलं की मी टेपआधी कागद-पेन्सिल घेतो. आठ बाय चारचा पाऊण इंची प्लाय ३० ते ३५ किलो भरतो. असे चार लागले आणि दोन्हीकडून सनमायका चढली, की दोन-अडीच माणसं कायमची गाडीत बसली म्हणायची. दगडाचं तर नावच नको. इंचभर जाड शहाबादीचा एक चौरस फूट सहा किलोच्या घरात जातो.

घरातल्या कपाटाचं ओझं सरळ खाली जमिनीत उतरतं. गाडीत ब्रेक मारला की ते पुढे धावतं, वळणावर बाजूला ओढतं, खड्ड्यात वर उसळतं. तिथे नुसती जाडी कामाची नाही, सांधा लागतो. मी पाइनच्या इंची पट्ट्यांची चौकट करतो. नुसती चौकट कोपऱ्याला धरून ढकलली तर लगेच तिरकी होते. तिच्यावर दोन्ही अंगांनी ४ एमएम प्लाय चिकटवला की ढकलून बघा, हलत नाही. आत पोकळी, वजन बरंच कमी. साधा पांढरा गोंद मात्र वापरत नाही. कलबुर्गीच्या मे महिन्यात बंद गाडी भट्टीसारखी तापते आणि तो सैल पडतो.

औरादचे एक निवृत्त गुरुजी ती फळी हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. "मिस्त्री, हे टिकंल का?" मी ती दोन पाटांवर ठेवली आणि म्हटलं, "उभे राहा, गुरुजी." ते उभे राहिले, मग बाईंनाही बोलावून घेतलं.

अवघड काम मापाचं. गाडीत ओळंबा आणि पाणसळ दोन्ही निकामी; गाडी ज्या उतारावर उभी, तसं त्यांचं सांगणं. सगळं गाडीच्या फरशीपासूनच मोजावं लागतं. पत्रा वर जाताना आत वळतो. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा त्याला भिडवायचा, कंपासचं टोक पत्र्यावरून फिरवायचं, पेन्सिल पुठ्ठ्यावर तेच वळण उतरवते. या कामात मला घाई सोसत नाही. कापताना दोन सूत जागा सोडून तिथे रबराची पट्टी भरायची, नाहीतर लाकूड पत्र्याला घासून जन्मभर कुरकुरतं. मागची फळी लावायचीच नाही. चौकट थेट गाडीच्या फासळ्यांना बोल्टने आवळायची.

बिदरची लाल धूळ खणांच्या चॅनेलमध्ये शिरून बॉल-बेअरिंग अडवते, म्हणून मी लाकडी पट्टी आणि मेण पसंत करतो. हुमनाबादहून कमलापूरमार्गे कलबुर्गीकडे उतरलं की काळी माती लागते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि वरचं डांबर लाटांसारखं उठतं. त्या रस्त्यावर चुंबकाची दारं उघडतात. दाबून बसणारी कडीच हवी. गॅस हवेपेक्षा जड, त्यामुळे सिलिंडरच्या कप्प्याला बाहेर उघडणारं भोक अगदी तळाशी ठेवायचं. वरच्या जाळीचा उपयोग नाही.

गुरुजींना गाणगापूरला एक फेरी करून यायला सांगितलं, म्हणजे बोल्ट पुन्हा आवळता येतात. बाईंची एकच अट होती, दगडी खलबत्ता सोबत येणार. त्याला मागच्या आसाजवळ, फरशीलगत वेगळा कप्पा केला आणि पट्ट्याने बांधून टाकला. तेवढ्या कप्प्याला पाऊण इंची प्लाय वापरला.