टाचेची भेग



आजचा विषय आपण भिशीला जमलो तरी कुणी काढत नाही. मीही काढला नसता, पण एका प्रसंगाने काढावा लागला.

माझी पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती. खरं सांगते, पहिल्यांदा सुटल्यासारखंच वाटलं. नेमकं दशलक्षण पर्वात बाजूला बसायला लागलं की जीव किती चुटपुटतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. आता रोज सकाळी बस्तीत जायला मी मोकळी होते.

त्या वर्षी उत्तम शौच धर्माचा दिवस होता. घरापासून अनवाणीच गेले. प्रदक्षिणा घालून वळले, तर पांढऱ्या संगमरवरावर लाल ठिपका. पुढे अजून एक. आमच्या गल्लीतल्या पंच्याहत्तरीच्या अक्कांनी तो आधी पाहिला. "अगं, अजून जातंय का तुला? मग आत कशाला आलीस?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी साडी वर करून टाच दाखवली. "नाही हो अक्का, भेग फुटलीय." अक्का गप्प झाल्या. मी बाहेरून पाणी आणि फडकं आणून फरशी पुसली आणि पूजा अर्धी टाकून घरी आले.

घरी येऊन रडले. अक्कांचा राग नव्हता. ती भेग आठ महिन्यांची होती आणि मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं, याचं वाईट वाटत होतं. नुसती टाच नाही, पायाच्या नळ्यांवर पांढरा कोंडा धरलेला. रात्री इतकी खाज सुटायची की सकाळी परकराला रक्ताचे डाग दिसायचे. ह्यांनी दोनदा विचारलं, मी विषय बदलला. पन्नाशीनंतर कसले चोचले करायचे, असं मनात असे. आपल्या बारा भावनांत अशुचि भावना आहे, देह मुळातच अपवित्र. त्याला चोळत बसणं म्हणजे मोहच, असा मी सोयीचा अर्थ लावला होता.

शेवटी सुनेने हात धरून त्वचारोगाच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी आधी साखर, थायरॉईड, रक्त, यकृत आणि मूत्रपिंड तपासून घेतलं. अंगभर खाज यापैकी कशानेही सुटू शकते, सगळा दोष वयावर टाकायचा नाही, म्हणाल्या. अहवाल ठीक आले. मग समजावून सांगितलं. पाळी गेली की इस्ट्रोजेन कमी होतं. त्याच्या आधारावर कातडीतलं तेल, ओल आणि कोलॅजेन टिकून असतं. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या ५ वर्षांत कातडीतलं सुमारे ३० टक्के कोलॅजेन जातं. कातडी पातळ होते, लवकर फाटते, सावकाश भरते.

तेव्हापासून मी काय करते, ते सांगते. त्यात महाग काही नाही.

कढत पाण्याची अंघोळ सोडली. कोमट पाणी, तेही पाच-दहा मिनिटं. साबण फक्त काखेत, जांघेत आणि पायाला. अंग टिपून घ्यायचं, घासायचं नाही, आणि ओलसर असतानाच तीन मिनिटांच्या आत क्रीम लावायचं. कोरड्या कातडीवर तासाभराने लावलं तर तेवढा गुण येत नाही, हे मला पन्नाशीनंतर कळलं! टाचांना रात्री युरियाचं मलम आणि वर सुती मोजे. भेग भरल्यावर कोकमाचं तेल. कोकणातून येतो तो घट्ट गोळा थोडा गरम करून चोळायचा. बस्तीपर्यंत चप्पल घालते आणि दारात काढते. सकाळी उन्हात निघताना तोंडाला, मानेला आणि हातांना एसपीएफ ३० चं सनस्क्रीन. वांगाचे डाग उन्हाने गडद होतात. एखादा तीळ आकार किंवा रंग बदलू लागला, तर मात्र घरगुती लेप लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

आता आपल्या घरातली अडचण. डबीवर हिरवा ठिपका असला तरी चष्मा लावून घटक वाचा. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी. टॅलोएट म्हणजे जनावराची चरबी. बीजवॅक्स म्हणजे मधमाशीचं मेण, टाचेच्या मलमांत पुष्कळदा असतं. कारमाईन किड्यांपासून काढतात, लिपस्टिकमध्ये असतं. स्क्वालीन शार्कच्या यकृताचंही असतं, ऑलिव्हचंही. ग्लिसरीन चरबीचंही, वनस्पतीचंही. तिथे कंपनीला विचारावं लागतं. या वयात आपल्याला कोलॅजेनची पावडर फार सुचवली जाते. ती गुराच्या कातडी-हाडांची नाहीतर माशांची. मी नको म्हटलं. डाळी, दूध आणि आवळा जेवणात वाढवला.

पर्व संपलं. क्षमावाणीला अक्का घरी आल्या. "चुकलं गं माझं, सगळ्यांसमोर बोलले," म्हणाल्या. मीही हात जोडले. टाच बघितली, कोकमाचं तेल हुंगलं, आपल्यासाठी एक गोळा मागून घेतला. उठताना पुन्हा बसल्या आणि अगदी हळू विचारलं, "आणि खालची आग होते गं, त्याला काय लावू? वीस वर्षं झाली."

वीस वर्षं! लघवीला जळजळ होते म्हणून त्या पाणी कमी प्यायच्या, आणि ते उपवासाच्या नावावर खपायचं.

मैत्रिणींनो, तीही कातडीच आहे. तीही कोरडी आणि पातळ होते. तिथे साबण किंवा सुगंधी पावडर लावायची नाही, साध्या पाण्याने धुवायचं. स्त्रीरोगतज्ज्ञ तिथे लावायला इस्ट्रोजेनचं क्रीम देऊ शकतात. काही इस्ट्रोजेन गाभण घोडीच्या मूत्रापासून काढलेलं असतं. वनस्पतीतल्या घटकापासून बनवलेलंही मिळतं, आपण तेवढं विचारून घ्यायचं. कुणाला कर्करोग झालेला असेल तर तो आधी सांगायचा. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं, तरी लाजायचं नाही, त्याच आठवड्यात दवाखाना गाठायचा.

अक्कांना मी घेऊन गेले. केसपेपर करताना त्या म्हणाल्या, "काय होतंय म्हणून लिहू नकोस गं, मी आत सांगते." आत गेल्या आणि खरंच सांगितलं.

देहाचा मोह नको, हे मला आजही मान्य आहे. पण बस्तीची फरशी आपण रोज पुसतो, तेव्हा त्याला कुणी फरशीचा मोह म्हणत नाही.

यंदाच्या दशलक्षणात आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. अक्कांनी माझ्या टाचेकडे बघितलं, मी त्यांच्या. मग पूजेचं पुस्तक उघडलं.