थांबविण्याची विद्या

गृहस्थाश्रमी कुटुंबांच्या वाचनात येणाऱ्या पानांतून अवजड गाड्यांच्या ब्रेकांविषयी लिहावे, हे काही वाचकांस विषयांतर वाटण्याचा संभव आहे. आम्ही आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकविले. शब्दरूपे व समास हा आमचा प्रांत. पाने व पक्कड हा नव्हे. परंतु ज्या उद्योगावर घरातील एका माणसाचा चरितार्थ चालतो आणि ज्याची धूळ रोज संध्याकाळी त्याच्या कपड्यांवरून उंबरठ्याच्या आत येते, तो विषय परका राहत नाही. म्हणून हे चार शब्द.

आमचे वास्तव्य चंद्रपुरी. एकोणिसाव्या शतकात वरोऱ्यास कोळसा निघू लागला तेव्हापासून या भूमीच्या पोटावर सर्वांची दृष्टी आहे. आज दुर्गापूर, पद्मापूर, सास्ती, घुग्घुस ही नावे उच्चारली की गावांपेक्षा खाणींचीच चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. १९८२ साली आमच्या जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. त्याच्या एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावरून आता लोहखनिज खाली येत आहे. माती, मुरूम, गिट्टी, कोळसा, खनिज, यांपैकी काही ना काही घेऊन दहा चाकांचे टिपर अहोरात्र धावत असतात. त्यांच्या वेगाचे आणि वजनाचे सर्वांस कौतुक. ते थांबतात कसे, याचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही.

आमच्या कनिष्ठ बंधूंचे चिरंजीव बारावीनंतर आय.टी.आय.मध्ये गेले तेव्हा घरात थोडी कुजबुज झाली होती. पंक्तीस बसताना ज्याच्या नखांत काळे ग्रीस दिसते तो मुलगा वेदपाठी पणजोबांच्या घराण्यातला, असे एका वृद्ध आप्तांनी उद्गार काढले. चिरंजीवांनी त्यांस नमस्कार केला, हात पुन्हा एकदा राखेने घासले आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर गेले. तेव्हापासून रात्रीच्या जेवणानंतर ओसरीवर त्यांच्याकडून ऐकलेले आणि सुटीच्या दिवशी कारखान्यात प्रत्यक्ष पाहिलेले येथे सांगत आहोत.

चाकाबरोबर फिरणारी जाड बिडाची एक पोकळ कढई कल्पावी. तिला ड्रम म्हणतात. तिच्या आत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन न फिरणारे लोखंडी तुकडे असतात; ते शू. त्यांच्या पाठीवर रिव्हेटांनी बसविलेले घर्षणाचे अस्तर म्हणजे लायनर. चालकाने पायटा दाबला की टाकीतील दाबाखालची हवा एका डब्यात शिरते, दांडा पुढे सरकतो, इंग्रजी 'एस' अक्षराच्या आकाराचा कॅम वळतो आणि दोन्ही शू फाकून ड्रमच्या आतल्या अंगास भिडतात. यात एक मौज आहे. फिरता ड्रम दोहोंपैकी एका शूला आपल्याच गतीने स्वतःकडे अधिक ओढून घेतो. म्हणजे ज्या वेगाला आवरावयाचे, तोच वेग आवरणाऱ्यास साहाय्य करतो! पायटा सोडला की स्प्रिंग शूंना पूर्ववत् मागे घेते.

या रचनेचे श्रेय सामान्यतः लुई रेनॉ या फ्रेंच गृहस्थांस देतात. त्यांनी १९०२ साली ती सिद्ध केली. तत्पूर्वी इंग्लंडात हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ च्या सुमारास गाड्यांच्या चाकांसाठी घर्षणाचे ठोकळे करण्यास आरंभ केला होता. उतारावर गाडीवाले चाकाशी जुना जोडा अडकवून गाडी आवरतात, हे पाहून त्यांस ती कल्पना सुचली असे सांगतात. आपल्याकडे जंगलातून सागवानाचे ओंडके आणणारे गाडीवान उतार आला की चाकाला लाकूड अडकवीत. संकट एक असले की निरनिराळ्या देशांतील माणसांची बुद्धी एकाच वाटेने जाते.

आता थोडे गणित. भरलेला टिपर २८ टनांचा आहे आणि ताशी ३६ किलोमीटर वेगाने जात आहे असे धरू. त्यास एकदा पूर्ण थांबविताना जी उष्णता उत्पन्न होते, तिने ३० अंशांचे सुमारे पावणेपाच लिटर पाणी उकळी फुटण्यापर्यंत तापेल. हे झाले सपाटीवर. तोच टिपर १०० मीटर खोल उतरताना केवळ ब्रेकांवर धरून ठेवला, तर सुमारे ९४ लिटर पाणी उकळीस येईल इतकी उष्णता निर्माण होते. म्हणजे घरातील स्नानाचे चार-पाच बंब! ही सारी आग सहा ड्रमांनी गिळावयाची आणि वाऱ्यास द्यावयाची. न देता आली तर ड्रम तापून प्रसरण पावतो व शूपासून दूर सरतो, लायनरची पकड मंदावते, आणि चालक पायटा दाबीत असतानाही गाडी पुढे जात राहते. आमच्याकडे वैशाखात हवाच ४५-४६ अंशांवर जाते. तेथे निवण्यास अवसर तो किती?

येथे भूगोलाचाही एक धडा आहे. कोळशाच्या उघड्या खाणीत भरलेली गाडी खालून वर चढते आणि रिकामी उतरते. डोंगरावरील लोहखाणीत याच्या उलट, भरलेली उतरते. म्हणून एकाच बनावटीच्या दोन गाड्यांचे लायनर दोन ठिकाणी सारखे टिकत नाहीत. खाणीतील वाहतुकीचा रस्ता सामान्यतः १६ फुटांत १ फुटाहून अधिक चढाचा नसावा, असा जो दंडक आहे त्याच्या मुळाशी हेच गणित आहे. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हे जुन्या चालकांचे सूत्र पाणिनीच्या सूत्राइतकेच अल्पाक्षरी व असंदिग्ध आहे. इंजिनाने वेग आवरावा, ब्रेक राखून ठेवावा, असा त्याचा भावार्थ.

ब्रेकांच्या दुरुस्तीत धीरास फार महत्त्व आहे. प्रथम गाडी सपाटीवर उभी करून चाकांखाली पाचरी ठोकावयाच्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणे म्हणजे आत्मघात. मागील चाकांच्या हवेच्या डब्यात एक प्रचंड स्प्रिंग दाबून बसविलेली असते. तीस बोल्टाने जखडल्यावाचून तो डबा उघडू गेल्यास ती तोफेच्या गोळ्यासारखी उसळते. मग चाक व ड्रम उतरवून ड्रमची आतली बाजू पाहावी. उष्णतेच्या बारीक रेषा क्षम्य, आरपार तडा अक्षम्य. ड्रम झिजून त्याचा व्यास मर्यादेबाहेर गेला असेल तर लेथवर कितीही खरवडला तरी उपयोग नाही. लायनर रिव्हेटांच्या माथ्यापर्यंत झिजू देऊ नये. सील फुटून लायनरवर ग्रीस आले असेल तर तो धुऊन किंवा जाळून पुन्हा बसविण्याचा मोह टाळावा. मुरलेले तेल पुढच्या उतारावर पुन्हा वर येते. एका बाजूचा लायनर बदलला की त्याच आसाच्या दुसऱ्या बाजूचाही त्याच प्रतीचा बदलावा, नाही तर ब्रेक लागताच गाडी एका अंगास ओढली जाते. शेवटी स्लॅक अ‍ॅडजस्टर. दांड्याची धाव किती हे मोजून, ड्रम थंड असताना, तो जुळवावयाचा. शिवाय हवेच्या टाकीत साचलेले पाणी रोज सोडावयाचे; पावसाळ्यात तर कटाक्षाने.

या यंत्रातील एक तत्त्व आम्हांस विशेष भावले. मागील चाकांची ती स्प्रिंग ब्रेक लावण्यासाठी असते, आणि हवा तीस मागे दाबून धरते. नळी फुटून हवा गेली की स्प्रिंग मोकळी होते आणि गाडी आपोआप जखडते. जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी १८७२ साली आगगाडीसाठी योजिलेल्या स्वयंचलित ब्रेकातही डबे तुटून हवा गेली की गाडी थांबते, हाच विचार होता. बल्लारशाहून जाणाऱ्या गाड्या आजही याच न्यायाने चालतात. बिघाड झालाच तर त्याचा शेवट धावण्यात न होता थांबण्यात व्हावा, अशी ही योजना. कठोपनिषदातील रथाच्या रूपकात बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रिये घोडे आहेत. त्या रथास ब्रेक नाही, कारण घोड्यांस लगाम पुरे. ज्या रथाचे घोडे लोखंडी झाले, त्याच्या चाकापाशीच संयम बसविणे भाग पडले.

आता त्या धुळीविषयी, कारण कुटुंबवत्सल वाचकांस तिचेच अगत्य अधिक असावे. पूर्वी लायनरमध्ये उष्णता सोसण्यासाठी ॲस्बेस्टॉस सर्रास घालीत. त्याचे डोळ्यांस न दिसणारे तंतू श्वासावाटे फुप्फुसात शिरले की तेथेच राहतात. आणि व्याधी प्रकट होते ती वीस, तीस, चाळीस वर्षांनी. कामगाराच्या कपड्यांवरून घरात आलेल्या धुळीने ते कपडे धुणाऱ्या स्त्रियाही आजारी पडल्याची उदाहरणे अनेक देशांच्या वैद्यांनी नोंदविली आहेत. १९९५ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने या उद्योगातील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर ठेवण्याचा आदेश दिला. व्याधी किती दीर्घद्वेषी आहे, हे त्या आकड्यांवरूनच समजावे. आता ॲस्बेस्टॉसविरहित लायनर मिळतात. परंतु ड्रममधली काळी भुकटी कोणत्या जातीची, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून ती हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी, हाच शहाणपणा. आमच्या घरी सूनबाईंनी यावरून एक नियम केला आहे. कामाचे कपडे कारखान्यातच बदलावयाचे, बंद पिशवीतून आणावयाचे, अंगणात झटकावयाचे नाहीत, आणि निराळ्या बादलीत आधी भिजवूनच धुवावयाचे. सोवळ्याचे नियम पाळण्याची सवय असलेल्या घरास हा नियम जड गेला नाही.

याच विद्येने मध्यंतरी आमच्या घराची परीक्षा पाहिली. एका कंत्राटदाराकडे चिरंजीव काम करीत असता, मागील ड्रमला तडा गेलेला एक टिपर 'आजच्या दिवस' सोडावा असा त्यांना आग्रह झाला. नवा ड्रम येण्यास चार दिवस होते व खेपा ठरलेल्या होत्या. चिरंजीवांनी तपासणीच्या कागदावर सही करण्याचे नाकारले. महिनाअखेरीस त्यांना निरोप मिळाला. घरात मुलीच्या शाळेची फी भरावयाची होती. बंधूंचे म्हणणे असे की, सही केली असती तरी गाडी चालवणारा दुसराच होता. यावर वहिनी, ज्या एरवी पुरुषांच्या बैठकीत बोलत नाहीत, एवढेच म्हणाल्या, "त्या दुसऱ्याचीही आई घरी वाट पाहत असेल." बंधू पुढे काही बोलले नाहीत. दोन महिने आमच्या निवृत्तिवेतनातून घरखर्च भागला. एकत्र कुटुंबाचा उपयोग अशा वेळी नाही तर केव्हा? तिसऱ्या महिन्यात दुसरे काम मिळाले, पगार थोडा कमी.

त्या टिपरचे पुढे काय झाले हे आम्हांस कळले नाही. ब्रेकांची दुरुस्ती करणाऱ्याच्या वाट्यास हेच येते. त्याचे काम उत्तम झाले तर काहीच घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीची कीर्ती कोण गाणार? पूल बांधणाऱ्याचे नाव दगडावर कोरले जाते. ज्याच्यामुळे गाडी पुलाच्या अलीकडे थांबली, त्याचे नाव कोठेच नसते. आपल्या घरातील तरुणांस भावी आयुष्याचा सल्ला देताना डॉक्टर, वकील, अभियंता यांच्या नामावळीत या अनाम विद्येसही वडील मंडळींनी स्थान द्यावे, असे आमचे मत आहे. आणि रस्त्यावर भरलेला टिपर आपल्यापासून चार हातांवर येऊन निमूटपणे उभा राहिला, तर ज्याने तो ब्रेक जुळविला त्या न पाहिलेल्या माणसाचे मनातल्या मनात स्मरण करावे. त्यास काही खर्च पडत नाही.