धक्का मारू नका

कल्याण-शीळ रस्त्यावर गाडी बंद पडली तर मदतीला माणसं शोधावी लागत नाहीत. काटई नाक्यापासून पलावापर्यंत कुठेही अडकून पाहा. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून दमला की स्वतःच खाली उतरतो, टपरीवरचे दोघे हातातला चहा ठेवून येतात आणि ‘घ्या न्यूट्रलला, मारतो धक्का’ म्हणत बाह्या सरसावतात. हा चांगुलपणा पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांवर वाढला आणि त्या गाड्यांना तो मानवलाही. माझा धंदा मात्र असा, की याच चांगुलपणापुढे हात जोडून त्याला थांबवावं लागतं. मी विजेच्या गाड्या दुरुस्त करतो आणि रस्त्यात बसलेल्या गाड्या फ्लॅटबेडवर घालून वागळे इस्टेटच्या वर्कशॉपला आणतो. दुरुस्ती त्या मानानं सोपी. अवघड काम म्हणजे जमलेल्या लोकांना ‘कृपा करून काहीही करू नका’ हे पटवणं.

कारण साधं आहे. पेट्रोलच्या गाडीत इंजिन आणि चाकांमध्ये क्लच असतो, गिअरबॉक्समध्ये खराखुरा न्यूट्रल असतो. गिअर सुटला की चाकं मोकळी. मग गाडी ढकला नाहीतर दोरीनं ओढा, इंजिनाला पत्ताही लागत नाही. विजेच्या बहुतेक गाड्यांना क्लच नसतोच. मोटर, ठरलेला एकच गिअर आणि चाक अशी साखळी कायमची जोडलेली. डॅशबोर्डवर ‘एन’ उमटला याचा अर्थ एवढाच, की मोटरला वीज देणं थांबलं. चाक फिरलं की मोटर फिरणारच. बहुतेक गाड्यांच्या मोटरमध्ये कायमचे लोहचुंबक असल्यामुळे ती फिरली की वीजही तयार होणार. गाडी चालू असताना हीच गोष्ट कामाची असते, पाय उचलला की बॅटरीत थोडी भर पडते. पण बंद गाडीत बॅटरीचे मोठे रिले, ज्यांना आम्ही कॉन्टॅक्टर म्हणतो, ते उघडलेले असतात. तयार झालेली वीज बॅटरीपर्यंत पोचत नाही, इन्व्हर्टरपाशी तुंबते. वेग वाढेल तसा व्होल्टेज वाढतो. मोटर आणि इन्व्हर्टर थंड ठेवणारा पंप त्या वेळी बंद असतो, हे आणखी वर. बॅटरीखालोखाल महागडा भाग जळतो तो असा, आणि विम्याचा सर्व्हेअर पहिला प्रश्न विचारतो, ‘गाडी आणली कशी?’

रस्त्याच्या मधून कडेला घेण्यापुरती, माणूस चालतो त्या वेगानं, चार-पाच मीटर ढकललेली चालते. बहुतेक मॅन्युअल तेवढी मुभा देतात. त्यापुढे टोचन नाही. ओढत नेली की बॅटरी चार्ज होते असं दाखवणारे व्हिडिओ मलाही लोक हौसेनं पाठवतात. मोकळ्या मैदानावर, चालू स्थितीतल्या गाडीवर केलेला तो खेळ आहे. मुंब्रा बायपासच्या उतारावर, पुढे कंटेनर आणि मागे कंटेनर असताना, दोरीच्या टोकाला तो करून पाहण्याची हौस कुणाला असेल तर माझा नमस्कार.

पुढची दोन चाकं उचलून नेणारी क्रेन आपल्याकडे सर्रास दिसते. नो-पार्किंगमधली गाडी तिनंच उचलली जाते, आणि फोनवर ‘क्रेन पाठवा’ म्हटलं की तीच येते. नेक्सॉन, टियागोसारख्या गाड्यांची मोटर पुढच्या चाकांवर आहे. पुढची बाजू उचलली तर मोटर वाचते, पण पार्किंग ब्रेक मागच्या चाकांवर असतो आणि तो विजेवर चालणारा असेल तर बंद गाडीत सुटतच नाही. मग मागचे टायर घासत जातात. क्रेनवाल्याला घोडबंदर रोडच्या गोंगाटात ते ऐकूही येत नाही. उलट कॉमेट किंवा महिंद्राची बीई ६ घ्या. यांची मोटर मागे. पुढची बाजू उचलली म्हणजे नेमकी मोटरची चाकं रस्त्यावर फिरायला मोकळी सोडली. एकच क्रेन, दोन गाड्या, दोन वेगळी नुकसानं. कुठल्या गाडीची मोटर कुठे, हे क्रेनच्या ड्रायव्हरनं पाठ करावं अशी अपेक्षा मी धरत नाही. हिरवी नंबरप्लेट दिसली की चारही चाकं जमिनीवरून वर, एवढंच त्यानं लक्षात ठेवलं तरी पुरे. फ्लॅटबेड नसेल तर मागच्या जोडीखाली चाकांची छोटी ट्रॉली घालता येते.

चढवण्याचीही एक रीत आहे. बंपरवर रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं झाकण असतं. ते पान्याच्या टोकानं उचकटलं की आत आटे दिसतात. डिकीत जॅकशेजारी ठेवलेला हूक त्यात फिरवायचा. कित्येक गाड्यांत हे आटे उलटे असतात. उजवीकडे फिरवून ‘बसत नाही’ म्हणणारे अनुभवी मेकॅनिक मी पाहिलेत. हूक शेवटपर्यंत बसला तरच विंचची केबल लावायची. फ्लॅटबेडचा उतरता पाट आणि रस्ता यांच्यात जो कोन होतो तिथे गाडीचं पोट टेकतं, आणि या गाड्यांचं पोट म्हणजेच बॅटरीची पेटी. म्हणून माझ्या गाडीत दोन जाड फळ्या कायम असतात, त्या पाटाच्या तोंडाशी लावल्या की चढ सौम्य होतो. वर घेतल्यावर पट्टे टायरवरून आवळायचे; खालच्या आर्मला किंवा जे हाताला लागेल त्याला साखळी अडकवायची नाही. जॅकही कंपनीनं खूण केलेल्या जागीच. पेटीला जॅक लावून वर केलेली गाडी पाहिली की माझ्या पोटात गोळा येतो.

हे सगळं सांगितलं, पण रस्त्यात बसलेल्या अनेक गाड्यांना फ्लॅटबेडची गरजच नसते. जुलैतल्या एका संध्याकाळी मानपाडा रोडच्या टोकाला एक गाडी उभी होती. मालक डोंबिवली पूर्वेचे, बँकेतून निवृत्त झालेले काका. ‘अहो, मोबाइलवर सत्तर टक्के चार्ज दाखवतंय आणि दरवाजासुद्धा उघडत नाही,’ असं ते पुनःपुन्हा सांगत होते. चावीच्या आतली साधी किल्ली काढून दरवाजा उघडला, बॉनेट उचललं. कोपऱ्यात १२ व्होल्टची नेहमीची लेड-ॲसिड बॅटरी, निगेटिव्ह टोकावर पांढरट-हिरवट बुरशीसारखा थर, क्लॅम्प बोटानं हलवला तर फिरत होता. मीटर लावला, १०.९ व्होल्ट. निरोगी बॅटरी स्वस्थ असताना १२.६ च्या आसपास दाखवते.

मोठी बॅटरी कितीही भरलेली असो, तिचे कॉन्टॅक्टर ओढून धरायला, कॉम्प्युटर जागे करायला, ब्रेक सोडायला ही १२ व्होल्टच लागते. गाडी चालू असताना मोठी बॅटरी छोटीला भरत राहते. पण गाडी तीन आठवडे सोसायटीत उभी राहिली, त्यात मालक गावाहून रोज ॲपवर ‘चार्ज किती’ बघत बसले, तर दर वेळी गाडी जागी होते आणि छोटीचा घास घेते. काही गाड्या तिला अधूनमधून आपोआप भरतात, सगळ्या नाही. तीन-चार वर्षांनी ती बदलायची, हे पेट्रोलच्या गाडीत सगळ्यांना माहीत होतं. विजेची गाडी घेतल्यावर मात्र माणसं तिचं अस्तित्वच विसरतात.

काकांना मदत करायला एक ट्रकवाला आधीच सरसावला होता, जंपर केबल हातात घेऊन. ‘काका, दोन मिनिटांत चालू करून देतो.’ मी म्हटलं, ‘दादा, तुमची चोवीसची आहे.’ मोठ्या ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते. ती केबल लागली असती तर कॉम्प्युटर, मीटर, चार्जर यांतलं काय काय गेलं असतं याचा हिशेब करवत नाही. तो बिचारा ओशाळला आणि मग छत्री धरून उभा राहिला. मी क्लॅम्प घासून आवळला, १२ व्होल्टचा बूस्टर लावला: लाल टोक पॉझिटिव्हला, काळं मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या बॉडीच्या बोल्टला. सीटखालून ‘टक’ असा कॉन्टॅक्टरचा आवाज आला, डॅशबोर्डवर ‘रेडी’ उमटलं. काका गाडी चालवत घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी बसवली. विजेच्या गाडीकडून दुसऱ्या गाडीला जंप देऊ नये, हेही इथेच सांगतो. तिची छोटी बॅटरी आणि कन्व्हर्टर त्या ओढीसाठी बनवलेले नसतात.

दुसरी तक्रार: ‘बारा टक्के दाखवत होती आणि बंद पडली.’ लोकांना हा फसवणुकीचा प्रकार वाटतो. भारतातल्या बऱ्याच गाड्यांत आता एलएफपी जातीच्या बॅटऱ्या आहेत. टिकाऊ, उष्णतेला जरा दमदार, पण एक खोड आहे. तिचा व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतो. त्यामुळे नुसता व्होल्टेज बघून किती उरलं हे कळत नाही. कॉम्प्युटर आत किती गेलं, बाहेर किती आलं याची बेरीज-वजाबाकी करत राहतो आणि चूक साठत जाते. पूर्ण १०० टक्के भरल्यावर ती चूक पुसली जाते, सेलही एका पातळीवर येतात. मोबाइलच्या सवयीनं ‘८० च्या वर कधीच नाही’ असा नेम पाळणारे लोक एलएफपीच्या गाडीत नेमके इथे अडकतात. तिला आठवड्यातून एकदा सावकाश, घरच्या चार्जरवर, पूर्ण भरू द्या. निकेल असलेल्या एनएमसी बॅटरीला मात्र रोजचं ८० टक्क्यांचं पथ्य खरंच मानवतं. आपली कोणती, हे मॅन्युअलमध्ये असतं. शून्यावर पोचलेली गाडी ‘रविवारी बघू’ म्हणून ठेवू नये, त्याच दिवशी चार्जरला लावावी. महिनाभर गावी जायचं असेल तर अर्ध्यावर ठेवून जा. आणि घोडबंदरच्या कोंडीची भीती बाळगू नका. उभ्या गाडीत एसी तासाला साधारण एक-दीड युनिट खातो, दोन तास गायमुखला अडकलात तरी तीस युनिटची बॅटरी आटत नाही.

जुन्या डोंबिवलीचा त्रास वेगळा. तिथल्या कितीतरी इमारतींत अर्थिंग नावापुरतं असतं. चार्जर आधी अर्थिंग तपासतो, ते नसलं की लाल दिवा दाखवून हटून बसतो. मग कुणीतरी वायरमन प्लगमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो. दिवा हिरवा होतो, सगळे खूश. त्या दिवसापासून न्यूट्रल कुठे सुटला तर गाडीच्या पत्र्यात करंट येऊ शकतो. अशा जोडणीवर लावलेल्या गाडीला मी हात लावत नाही, आधी खाली जाऊन मेन स्विच पाडतो.

आता पाणी. ठाण्यात वंदना टॉकीजचा परिसर, कल्याणात वालधुनीचा काठ, आणि उल्हास नदी फुगली की तर विचारायलाच नको. २७ जुलै २०१९ ला तिनं वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडवून ठेवली होती. बॅटरीची पेटी आयपी ६७ दर्जाची असते, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते अशी चाचणी. ती नव्या पेटीची, गोड्या पाण्यातली. खड्ड्यांनी आणि उचकटलेल्या पेव्हर ब्लॉकनी पोट खरवडलेल्या पेटीचं सील तसंच असेल याची हमी कोण देणार? खाडीकाठचं भरतीचं पाणी तर खारं. २०२२ मध्ये फ्लोरिडात इयान चक्रीवादळानंतर खाऱ्या पाण्यात बुडालेल्या काही गाड्या पाणी ओसरल्यावर पेटल्या. म्हणून बुडालेली गाडी सुरू करून बघायची नाही, चार्जिंगला लावायची नाही, ‘वाळली की बघू’ म्हणून इमारतीखाली ठेवायची नाही. तपासणी होईपर्यंत उघड्यावर, इतर गाड्या आणि भिंतींपासून पंधरा मीटर दूर. अपघातात पोटाला मार बसलेल्या गाडीलाही हाच नियम. आमच्याकडे पंधरा मीटर मोकळी जागा म्हणजे चैन आहे, हे मी जाणतो. पोलिसांच्या जप्तीच्या यार्डांत गाड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात, त्यात एक चेपलेली हिरव्या पाटीची दिसली की मी सरळ जाऊन सांगतो. कधी ऐकतात.

गाडीखालून फुसफुस आवाज, पांढरा धूर, थिनरसारखा वास यांतलं काहीही जाणवलं तर माणसं बाहेर काढायची, लांब व्हायचं आणि १०१ ला फोन करून ‘विजेची गाडी आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगायचं. ही आग विझली असं वाटून तासांनी, कधी दिवसांनी पुन्हा भडकते. पेटी थंड करायला भरपूर पाणी लागतं. केशरी रंगाच्या केबलना कुणीही हात लावू नये. २०२२ च्या उन्हाळ्यात देशभर विजेच्या स्कूटर पेटल्या, जूनमध्ये वसईत एक कारही पेटली. त्यानंतर बॅटरीचे नियम कडक झाले, नव्या गाड्या आणखी सुरक्षित झाल्या. आग हा विरळा प्रकार आहे. पण ओढताना केलेला अडाणीपणा तो थोडा कमी विरळ करतो.

सध्या मला सर्वांत जास्त छळतात ते ठाण्याचे टॉवर. गाडी रस्त्यात नाही, तर दुसऱ्या तळघरात किंवा स्टॅक पार्किंगच्या वरच्या पाटावर बंद पडते. रॅम्पची उंची जेमतेम सात फूट, फ्लॅटबेड गेटवरच अडकतो. ब्रेक जाम, चाकं फिरत नाहीत. अशा वेळी चारही चाकांखाली छोटे स्केट सरकवून गाडी रॅम्पच्या तोंडापर्यंत आणावी लागते, आणि चढावर विंच लावायला भिंतीत एक हूकही नसतो. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये ‘ईव्ही रेडी’ असं छापलेलं असतं. म्हणजे चार्जिंगचा पॉइंट आहे, बंद पडलेली गाडी बाहेर कशी काढायची ते त्यात नसतं. तेव्हा मदतीसाठी फोन कराल तेव्हा चार गोष्टी आधीच सांगा: गाडीचं मॉडेल, ती कुठल्या मजल्यावर आहे, वरच्या बीमची उंची किती, आणि दरवाजा उघडतोय की नाही. दरवाजाही उघडत नसेल तर आम्ही फ्लॅटबेडच्या आधी मोटरसायकलवर पोरगा बूस्टर देऊन पाठवतो.