यंत्राच्या पोटांतला विनोद

विनोद ही साहित्यिकांची वतनदारी आहे असा आम्हां साहित्याच्या प्राध्यापकांचा एक जुना समज आहे. हंसवावें नाटककारानें, हंसावें प्रेक्षकांनीं, आणि तें हंसूं कोणत्या जातीचें होतें हें मागाहून सांगावें आम्हीं, अशी वांटणी आम्हीं आपापसांत केव्हांच करून टाकली आहे. यंत्रज्ञाला तींत वांटाच नाहीं. त्याचें चित्र आमच्या मनांत ठरलेलें असतें : जाड भिंगांचा चष्मा, चहांत बुडविलेलें बिस्किट विरघळून गेलें तरी भान नाहीं, आणि विनोद सांगितला तर 'मग पुढें काय झालें?' असें विचारणारा चेहरा. वास्तविक शेक्सपिअरच्या सुखात्मिका पंचवीस-तीस वर्षें वर्गांत शिकविल्यावर एक गोष्ट आम्ही शपथेवर सांगूं शकतों. विनोदाचा जीव घ्यावयाचा असेल तर तो समजावून सांगावा. आणि ह्या कामीं आमच्याइतका सराईत हात दुसऱ्या कोणत्याहि शास्त्राच्या अध्यापकाचा नसेल. तेव्हां विनोदावर खरा हक्क कोणाचा, हा प्रश्न एकदां नव्यानें तपासावा असें आमच्या मनांत पुष्कळ दिवस घोळत होतें.

तपासाचें निमित्त दिलें आमच्या भाच्यानें. तो पुण्यांतील एका सॉफ्टवेअर कंपनींत आहे आणि रविवारीं आमच्याकडे जेवावयास येतो. जेवतांना त्याचीं मतें ऐकणें हा आमच्या घरांतला एक करमणुकीचा कार्यक्रमच आहे. अमुक भाषेंत प्रोग्रॅम लिहिणारे लोक सज्जन, तमुक भाषेंत लिहिणारे रानटी. अमुक मालिका पहिल्या सात भागांपर्यंत पाहण्यासारखी, पुढें तिचा लेखक बहुधा रजेवर गेला असावा. हे निर्णय तो अशा अधिकारवाणीनें देतो कीं प्रायश्चित्त सांगणाऱ्या शास्त्रीबुवांनीं लाजावें. एकदां आमच्या सौभाग्यवतींनीं विचारलें, "अरे, पण ह्या दोन भाषांत फरक तरी काय?" तो म्हणाला, "मामी, एकींत चूक केली तर ती तिथल्या तिथें ओरडते. दुसरी मनांत ठेवते, आणि रात्रीं दोन वाजतां झोंपेतून उठवते." सौभाग्यवतींनीं आमच्याकडे पाहिलें तें कां, हें आम्हीं विचारलें नाहीं. पण त्या दिवसापासून ह्या मंडळींच्या विनोदाचा आम्हीं मागोवा घेऊं लागलों, आणि जें हातीं लागलें त्यानें आमची वतनदारी चांगलीच डळमळली.

प्रोग्रॅममधील दोषाला हे लोक 'बग' म्हणजे किडा म्हणतात. हार्वर्ड विद्यापीठांतील 'मार्क दोन' नांवाचा अवाढव्य संगणक ९ सप्टेंबर १९४७ रोजीं अडला. शोध घेतां त्याच्या एका रिलेमध्यें एक पतंग अडकून मेलेला सांपडला. तेथील मंडळींनीं तो चिकटपट्टीनें नोंदवहींत डकविला आणि त्याखालीं, किडा प्रत्यक्ष सांपडल्याचा हा पहिलाच प्रसंग, अशा अर्थाची नोंद केली. ती वही वॉशिंग्टन येथें स्मिथ्सोनियन संस्थेच्या अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयांत जपून ठेवलेली आहे. पुष्कळ लोक ही गोष्ट 'बग' ह्या शब्दाची जन्मकथा म्हणून सांगतात आणि तिच्यांतली गंमत नेमकी घालवितात. दोषाला किडा म्हणण्याची रीत यंत्रज्ञांत फार जुनी. एडिसनच्या १८७८ सालच्या एका पत्रांतहि तो शब्द ह्याच अर्थानें आलेला आहे. शब्द आधीं होता म्हणून तर पतंग विनोदी ठरला! सत्तर वर्षें नुसत्या लक्षणेनें नांदणारा किडा एके दिवशीं पंख लावून प्रत्यक्ष दारीं आला. लक्षणा शिकवितांना आम्ही 'गंगेवरील गौळवाडा' हें उदाहरण पिढ्यान् पिढ्या देत आलों. त्यापेक्षां हें पतंगाचें उदाहरण मुलांना अधिक लवकर कळतें, असा आमचा अनुभव आहे.

ह्याहूनहि आम्हांला आवडलेली गोष्ट नियमांची आहे. ज्या आर्पानेटमधून पुढें इंटरनेट वाढलें, त्याचे आरंभीचे नियम १९६९ सालीं कांहीं पदव्युत्तर विद्यार्थ्यांनीं लिहिले. त्यांपैकीं स्टीव्ह क्रॉकर ह्या तरुणानें पहिलें टिपण रात्रीं न्हाणीघरांत बसून लिहिलें, कारण बिऱ्हाडांतल्या सोबत्यांची झोंपमोड होऊं नये. आपण कोण नियम घालणारे, ह्या संकोचानें त्या मुलांनीं आपल्या टिपणांना 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स', म्हणजे 'अभिप्रायार्थ विनंती', असें नांव दिलें. आज साऱ्या जगाचें दळणवळण ज्या नियमांवर चालतें त्यांच्या माथ्यावर तेंच विनम्र नांव आहे. आमच्या विद्यापीठांच्या परिपत्रकांवर 'विनंती' हा शब्द आम्हीं शेवटचा केव्हां पाहिला तें आठवत नाहीं.

अशा घरांत थट्टेला जागा असावी ह्यांत नवल नाहीं. १ एप्रिल १९९० रोजीं ह्याच मालिकेंत एक टिपण प्रसिद्ध झालें. त्याचा विषय, कबुतरांकरवीं इंटरनेटचा मजकूर पाठविण्याची पद्धति. मजकूर कागदाच्या लहानशा सुरळीवर छापावा, ती कबुतराच्या पायाला गुंडाळावी, वगैरे सारें विवेचन खऱ्या नियमाच्या गंभीर भाषेंत केलेलें आहे. येथवर ती एप्रिलफुलाची थट्टा होती. परंतु २००१ सालीं नॉर्वेंतील बर्गेन शहरच्या कांहीं उत्साही मंडळींनीं खरोखरीच कबुतरें आणलीं आणि नियमाबरहुकूम मजकूर पाठविला. नऊ निरोप गेले, चार उत्तरें परत आलीं; त्यांतलें सर्वांत जलद उत्तर यावयास सुमारें त्रेपन्न मिनिटें लागलीं. हें ऐकून आमच्या एका वयोवृद्ध सहकाऱ्यांनीं अत्यंत गांभीर्यानें सांगितलें कीं, ओडिशाच्या पोलिसांनीं १९४६ सालींच कबुतरांची टपाल सुरू केली होती आणि पुरांत तारा तुटल्या कीं तीच उपयोगी पडे. एका देशाची थट्टा ती दुसऱ्या देशाची नोकरी, असें म्हणावयाचें!

पण आपल्याच नियमाची थट्टा आपणच नियमाच्या भाषेंत करणें ही सामान्य गोष्ट नव्हे. ज्याला आपलें काम पक्कें येतें आणि त्या कामाची मर्यादाहि ठाऊक असते त्यालाच हें साधतें. नाटकवाल्यांकडूनहि ह्या लोकांनीं मोकळ्या हातानें घेतलें आहे. 'माँटी पायथन' नांवाच्या इंग्रज विनोदी नटमंडळीनें १९७० सालीं दूरचित्रवाणीवर एक प्रवेश केला. त्यांतल्या खाणावळींत जो पदार्थ मागावा त्यांत 'स्पॅम' नांवाचें डबाबंद मांस असतेंच. नको म्हणणाऱ्या बाईचें कोणी ऐकत नाहीं. आपल्या टपालांत न मागतां येऊन पडणाऱ्या पत्रांस 'स्पॅम' हें नांव ह्याच प्रवेशावरून पडलें. पुढें १९९१ सालीं गिडो व्हान रॉसम ह्या डच गृहस्थानें आपली नवी संगणकभाषा प्रसिद्ध केली आणि तिला ह्याच मंडळीवरून 'पायथन' नांव दिलें. लोकांस वाटलें कीं हा अजगर. आणि आतां तर त्या भाषेच्या चिन्हावर दोन साप खरोखरीच वेटोळें घालून बसले आहेत. वेदान्त्यांना दोरीवर सापाचा भास होई. येथें तो नटांवर झाला, इतकाच फरक.

विनोदाला खूण लागावी कीं लागूं नये, ह्या प्रश्नानें मात्र आम्हांस बराच काळ पेंचांत पाडलें. कार्नेगी मेलन विद्यापीठांत १९८२ सालीं संगणकाच्या सूचनाफलकावर कोणीतरी थट्टा केली कीं एका लिफ्टमध्यें पारा सांडला आहे. कांहींना ती खरीच सूचना वाटली. तेव्हां १९ सप्टेंबर रोजीं स्कॉट फालमन ह्या प्राध्यापकानें सुचविलें कीं, थट्टेच्या वाक्यापुढें अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस अशीं तीन चिन्हें टाकावींत. मान वांकडी करून पाहिलें कीं हंसरा चेहरा दिसतो. आजच्या साऱ्या इमोजींचा हा आजोबा. २०१५ सालीं ऑक्सफर्डच्या कोशकारांनीं तर 'वर्षाचा शब्द' म्हणून एका हंसून रडणाऱ्या चेहऱ्याचीच निवड केली! प्रथम आमच्यांतला प्राध्यापक खवळला. ज्या विनोदाखालीं 'हा विनोद आहे' अशी पाटी लावावी लागते तो विनोद कसला? परंतु विचाराअंतीं राग निवळला. बोलणाऱ्याला आवाज असतो, भुंवई असते, ओठांचा कोपरा असतो. लिहिणाऱ्याजवळ ह्यांतलें कांहीं नाहीं. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप-मंडळावर एका मावशींनीं एका जावयाचें वाक्य असेंच खरें मानलें होतें, आणि तें प्रकरण मिटावयास एक दिवाळी लागली. तीन चिन्हांनीं एक दिवाळी वांचत असेल तर तीं चिन्हें आम्ही व्याकरणांत घ्यावयास तयार आहों.

खूण क्षम्य आहे. परंतु दुसऱ्यानें आपल्या वतीनें हंसावें हें आम्हांस अजून सहन होत नाहीं. १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत चार्ली डग्लस ह्या ध्वनितज्ज्ञानें एक पेटी तयार केली. कळ दाबली कीं तींतून साठविलेलें हंसूं निघे. कोठें खुदकन, कोठें सात मजली. दूरचित्रवाणीच्या कित्येक मालिकांना त्यानें हें हंसूं पुरविलें; आणि पेटीचें रहस्य फुटूं नये म्हणून तो तिला कुलूप लावून ठेवी. हंसण्याला कुलूप! फालमनची खूण वाचणाराला 'हंसलास तरी चालेल' एवढेंच सांगते. डग्लसची पेटी त्याच्या आधींच हंसून मोकळी होते. पहिलींत माणसावर विश्वास आहे, दुसरींत त्याची गरजच उरत नाहीं.

आणि येथेंच आमच्या विषयांतला खरा सल आहे. अटारी कंपनीच्या 'ॲडव्हेंचर' ह्या खेळाची कथा तो नीट दाखविते. वॉरन रॉबिनेट ह्या तरुणानें एकट्यानें हा खेळ रचला. त्या वेळीं कंपनी खेळांवर रचणाराचें नांव घालीत नसे. रॉबिनेटनें कोणाला न सांगतां खेळांत एक गुप्त खोली बांधली; एक जवळजवळ न दिसणारा ठिपका शोधून नेला तरच तिचें दार उघडे, आणि आंत त्याचें नांव झळके. तो नोकरी सोडून गेल्यावर १९८० सालीं एका पोराला ती खोली सांपडली व त्यानें कंपनीला पत्र लिहून कळविलें. कंपनीनेंहि अखेर रागावण्याऐवजीं अशा गुप्त गमतींना 'ईस्टर एग', म्हणजे सणांत मुलांनीं शोधावयाचीं लपविलेलीं अंडीं, असें गोड नांव देऊन टाकलें. आम्हांस ही कथा वाचतांना वेरूळचें कैलास लेणें आठवलें. त्या खडकावर छिन्नी चालविणाऱ्या शेंकडों हातांपैकीं किती जणांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत? विनोदाच्या आडोशानें का होईना, एका कारागिरानें 'हें मीं केलें' एवढें म्हणून घेतलें.

भाचा सांगतो कीं त्याच्या कचेरींत आतां निम्म्याअधिक ओळी यंत्रच सुचवितें. पूर्वीं जुना प्रोग्रॅम उघडला कीं मध्येंच कोणीतरी लिहून ठेवलेलें असे, 'ह्या ओळीला हात लावूं नये. ती कां चालते हें मलाहि कळलेलें नाहीं.' तो म्हणाला, "मामा, यंत्राचे शेरे अगदीं नीटनेटके असतात. पण वाचतांना एकटं वाटतं." त्याला नोकरीची धास्ती आहे, आणि ती खोटी आहे असें सांगण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं. यंत्र विनोद करतें हें आम्हांस मान्य आहे. आम्हीं तें करवून पाहिलें, आणि कांहीं विनोद आमच्या वर्गांतल्या विनोदांहून सरस होते. परंतु नोंदवहींत पतंग डकविणाराला वैताग आलेला होता, न्हाणीघरांत लिहिणाराला संकोच वाटत होता, आणि रॉबिनेटला आपलें नांव हवें होतें. त्यांच्या विनोदाखालीं कांहीतरी पणाला लागलेलें होतें. यंत्राला वैताग नाहीं, संकोच नाहीं, आणि नांवाची हांवहि नाहीं.

शेवटीं चहाच्या किटलीची हकीकत सांगून हा लेख आटोपतों. १ एप्रिल १९९८ रोजीं कॉफीच्या भांड्यांना दुरून हुकूम करण्याचे थट्टेचे नियम प्रसिद्ध झाले. कॉफी करण्याचा हुकूम किटलीला मिळाला तर तिनें ४१८ हा आंकडा परत पाठवावा. अर्थ, 'मी चहाची किटली आहे.' थट्टा इतकी आवडली कीं कित्येकांनीं तो आंकडा आपल्या प्रोग्रॅमांत खरोखरीच घातला. २०१७ सालीं जबाबदार मंडळींनीं तो काढून टाकावा असें सुचविलें; तेव्हां एका शाळकरी मुलानें किटलीचा कैवार घेऊन मोहीम उघडली, आणि सूचना बारगळली. पुढें २०२२ सालच्या नियमसंहितेंत ४१८ हा आंकडा राखीव ठेवण्यांत आला. कारणहि तेथें दिलें आहे : थट्टेखातर तो इतक्या ठिकाणीं वापरला गेला आहे कीं आतां दुसऱ्या कोणत्याहि कामाला देतां येत नाहीं.

आमच्याकडे पंक्ति बसली कीं आयत्या वेळीं येणाऱ्या पाहुण्यासाठीं एक पान जादा मांडून ठेवीत. जगाच्या ह्या प्रचंड कारभारांत विनोदासाठीं असें एक पान अजून मांडलेलें आहे. तें कोणी उचलूं नये, एवढीच आमची अभिप्रायार्थ विनंती.