एकच तार

'आशा' नावाच्या चित्राने मला पाच महिने रडवले, असे सांगितले की वर्गात हशा पिकतो. पण झाले ते तसेच. तैलरंगाची ओळख व्हावी म्हणून सरांनी प्रत्येकाला एकेका जुन्या चित्राची नक्कल करायला सांगितली. माझ्या वाट्याला जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स या इंग्रज चित्रकाराचे १८८६ सालचे 'होप' आले. पृथ्वीच्या गोलावर एक स्त्री अंग मुडपून बसली आहे. डोळ्यांवर पट्टी. हातातल्या तंतुवाद्याच्या सगळ्या तारा तुटलेल्या, एकच शाबूत, आणि त्या तारेकडे तिचा कान. लंडनच्या टेट संग्रहालयातले चित्र साधारण १४२ सेंटिमीटर उंच आहे. वॉट्सने ते १८९७ साली राष्ट्राला दिले. माझ्यापुढे होते वहीच्या पानाएवढे छापील चित्र.

जलरंगात वाढलेल्या मुलीला तैलरंग म्हणजे सासरच. तिथे कागदाचा पांढरा राखायचा, इथे पांढरा वरून चढवायचा. तिथे घाई, इथे नुसती वाट पाहणे. चौकटी आखून रेखाटन उतरवले, बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून छायाप्रकाश मांडला, इथवर ठीक. पुढे चकाकी यावी म्हणून पुढच्याच थरात जवसाचे तेल सढळ हाताने घातले. त्यावर साय धरली, आत ओलेच. निळा फिरवला तर खालचा रंग ब्रशबरोबर उखडून आला आणि पृथ्वीचा चिखल झाला.

"अगं, आधी पातळ, मग तेलकट," सर म्हणाले. "खालचा थर वरच्याच्या आधी वाळला पाहिजे. नाहीतर पुढे तडे जातील."

सगळे सुरीने खरवडले.

खरी पंचाईत चेहऱ्याची. नाव आशा, म्हणून मी ओठांच्या कोपऱ्यात हसू ठेवले. बाई लबाड दिसू लागली. हसू पुसले तर रडकी. चेस्टरटनने १९०४ सालच्या आपल्या पुस्तकात म्हटले आहे की पाहणाऱ्याला हे चित्र आधी निराशेचेच वाटेल. पण त्याने माझा प्रश्न कुठे सुटत होता!

त्याच सुमारास आजीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्याने धड दिसत नव्हते. खाटेवर बसून ती रेडिओ कानाशी धरी. एका संध्याकाळी सेल उतरले, आवाज पार बारीक झाला. मी बदलायला गेले तर म्हणाली, "थांब गं, चाललंय अजून. अभंग संपू दे."

मान कललेली, हनुवटी आत, श्वास धरलेला. ती दुःखी नव्हती, हसतही नव्हती. ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी मी चेहऱ्याला हात लावला नाही. मान मी थकल्यासारखी लोंबती काढली होती. ती तारेकडे ताणलेली हवी होती. कानामागची छाया खरवडून पुन्हा बसवली, त्यात आठ दिवस गेले. शेवटी तार. बारीक ब्रश, पातळ रंग, एका दमात ओढायची. सहा वेळा चिंधीने पुसली, सातव्यांदा ठेवली.

सरांनी बराच वेळ पाहिले. "तार जाड झाली," म्हणाले, आणि जाता जाता, "मान बरी आहे."

पट्टी सुटल्यावर आजीलाही दाखवले. ती जवळ जाऊन निरखत राहिली.

"अगं, पडेल ना ही त्या चेंडूवरून! धर म्हणावं कशाला तरी."